सामाईक मीटर

वीज कंपनीची माणसं शुक्रवारी सव्वाअकराला आली, कागद दाखवला, आवाराच्या कोपऱ्यातल्या मीटरखोलीत शिरली आणि वीज तोडून, दाराला सील ठोकून बाराच्या आत निघूनही गेली. वीज जोडायला लागणारा वेळ आणि तोडायला लागणारा वेळ यांचा मेळ जगात कुठेच बसत नाही, तो इथेही बसला नाही.

उज्वला मीटरखोलीसमोर उन्हात उभी राहिली. मार्चचा दुसरा आठवडा होता, ऊन आत्ताच भाजायला लागलं होतं. हातातली नोटीस तिने तीनदा वाचली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, तीन महिन्यांचं बिल थकलेलं, एकतीस लाख चाळीस हजार. खरं तर तिला हसूच यायचं बाकी होतं, कारण बिलातला तिच्या कंपनीचा वाटा तिने दर महिन्याच्या सात तारखेला न चुकता भरला होता. फक्त तो वीज कंपनीकडे न जाता शेजारच्या कंपनीकडे जात होता, कारण मीटर त्यांच्या नावावर होतं.

निफाडच्या अलीकडे साडेपाच एकरांचं हे एकच आवार, एकच फाटक. पुढच्या बाजूला पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना आणि मागे द्राक्षं ठेवायचं शीतगृह. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही मिळून एकच कंपनी होती, सायखेड्याच्या सावळीरामदादांनी उभी केलेली. मग शीतगृह वेगळं काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली, त्यात बाहेरचे पैसेवाले आले. कागदावर दोघींची नावं लांबलचक होती, पण गेटवरच्या वॉचमनपासून सगळे एकीला जुनी म्हणत आणि दुसरीला नवी. जुनी दादांच्या मुलाकडे, जीवनकडे राहिली. उज्वलाने सोळा वर्षं जुनीचे हिशेब सांभाळले होते, ती नवीत आली ती सगळ्या आर्थिक कारभाराची प्रमुख होऊन.

"मॅडम, जनरेटर चालू केला," शीतगृहाचा ऑपरेटर केरू धापा टाकत आला. "पण त्याच्यावर दोनच खोल्या ओढतात. सहाच्या सहा नाय चालायच्या."

"आलटून पालटून चालव."

"तेच करतो. पण संध्याकाळपर्यंत पारा चढणार. डिझेल बी तेवढंच हाय."

सहा खोल्यांत मिळून दोनशे चाळीस टन द्राक्षं होती. एक अंश तापमानावर ठेवलेली, उद्या सकाळी कंटेनरमध्ये भरून परदेशी निघायची. प्रत्येक खोलीत तापमान टिपणारं यंत्र होतं, आणि त्याची नोंद तिकडचा खरेदीदार दाणे बघण्याआधी बघत असे. पाच अंशांच्या वर गेलेला माल त्याच्या लेखी संपला. त्र्याऐंशी बागाईतदारांचा माल होता तो, आणि त्यातले निम्मे सायखेड्याचे, म्हणजे उज्वलाच्या माहेरचे. हे लोक वर्षानुवर्षं बांधावर रोख मोजणाऱ्या व्यापाऱ्याला माल देत आले होते. उज्वला स्वतः त्यांच्या ओट्यांवर जाऊन बसली होती. "माल आमच्याकडे ठेवा, जबाबदारी माझी," असं तिने एकेकाला सांगितलं होतं. तिच्या चुलतभावाने, झुंबरने, तर तिच्या शब्दावर घरात भांडण काढून माल आणला होता. तो खोली नंबर सहात होता. उज्वलाला भीतीपेक्षा शरम जास्त वाटत होती.

कारण एका मीटरची ही मेख तिने स्वतःच्या हाताने मारून ठेवली होती.

कंपनीची वाटणी झाली त्या दिवशी नाशिकला वकिलाच्या कचेरीत सगळे बसले होते. यंत्रं वाटली, माणसं वाटली, कर्ज वाटलं. मीटरची गोष्ट निघाली तेव्हा वकील म्हणाला, नव्या कंपनीसाठी वेगळी जोडणी घ्या, चार-पाच लाख खर्च येईल, तीनेक महिने जातील. दादांनी मान हलवली. "आम्ही भाऊ-भाऊ वेगळे झालो तेव्हा जमीन वाटली, गुरं वाटली, भांडीसुद्धा वाटली. पण विहीर सामाईक ठेवली. पाण्याची बारी बांधून घेतली, तीन दिवस त्याचे, तीन माझे. त्या निमित्ताने भाऊ भावाचं तोंड तरी बघत राहिला. मीटर सामाईक राहू द्या." सगळ्यांना फार भरून आलं होतं. उज्वलाला तर सगळ्यात जास्त. तिने तिथल्या तिथे कलम लिहून काढलं, की वीजजोडणी जुन्या कंपनीच्या नावे राहील आणि नवी कंपनी आपला वाटा तिच्याकडे जमा करील. पाच लाख वाचवले म्हणून वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. कंपन्या काही भाऊ नसतात, हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

ती आवार ओलांडून जुनीच्या ऑफिसात गेली. कारखान्यातली यंत्रं थंडावली होती आणि माणसं सावलीत बसून तंबाखू मळत होती. जीवन टेबलामागे बसला होता. पंचेचाळिशीचा गडी, पण चेहरा साठीचा झाला होता.

"जीवनशेठ, माझे सात तारखेचे पैसे कुठे गेले?"

त्याने खोटं बोलायचाही प्रयत्न केला नाही. "पगाराला गेले, ताई. डिसेंबरच्या बिलापासून जातायत."

"ते विजेचे पैसे होते!"

"पैशावर काय लिहिलेलं असतं का विजेचा म्हणून?" जीवन उसळला. "तुम्ही विजेचे पाठवता सात तारखेला, आणि पेट्यांचे? जानेवारीपासून तुम्ही माझ्याकडनं पेट्या उचलताय. चौतीस लाख झाले. एक रुपया सोडला का? माझी एकशे बत्तीस माणसं आहेत. त्यांना मी काय सांगू, मुंबईच्या मालकीणबाई रागावल्यात म्हणून?"

 पेट्यांचे पैसे उज्वलानेच अडकवले होते. जानेवारीत एका कंटेनरमधल्या पेट्या ओल धरून बसल्या, खरेदीदाराने पैसे कापले, आणि मुंबईहून दिशा मॅडमचा हुकूम आला, की जुनीचं देणं थांबवा. दिशा म्हणजे नवीत पैसा घालणाऱ्या मंडळींची प्रतिनिधी, संचालक. उज्वलाने हुकूम पाळला. विजेचा हिशेब वेगळा, पेट्यांचा वेगळा, असं तिच्या वहीत चोख होतं. जीवनच्या वहीत दोन्ही एकच होतं. कोण खोटं बोलत होतं म्हणावं?

"मग वेगळ्या मीटरला तरी ना हरकत द्यायची होती," ती म्हणाली. "चौदा महिने माझा अर्ज तुमच्या टेबलावर आहे."

"वेगळं मीटर झालं की तुमचे सात तारखेचे पैसे बंद. आणि ते बंद झाले की त्याच महिन्यात मी बंद. आता सगळं सांगितलं तुम्हाला. काय करायचं ते करा."

त्याने हात वर केले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर बसलेली माणसं आत बघत होती.

उज्वलाने तिथूनच दिशाला फोन लावला. उपाय अगदी सरळ होता. पेट्यांचे जे चौतीस लाख द्यायचे आहेत, त्यातून आजच्या आज परस्पर वीजबिल भरायचं. खात्यात पैसे होते. पण मोठ्या रकमेला तिघांपैकी दोघांच्या सह्या लागत, आणि एकटी उज्वला काही करू शकत नव्हती.

"नो, उज्वला," दिशा शांतपणे म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे, त्यामुळे तिच्याशी भांडताही येत नसे. "ती बुडती कंपनी आहे. तिचं बिल आपण का भरायचं? उद्या त्यांचं कर्जही भरणार का? जनरेटर वापरा, डिझेल मागवा."

"जनरेटरवर दोनच खोल्या चालतात, मॅडम. बाकीच्या..."

"मालाचा विमा आहे ना?"

"वीज थकबाकीत तोडली तर विमा मिळत नाही."

"मग त्यांना नोटीस पाठवा. पण पैसे सुटणार नाहीत." फोन बंद झाला.

तिसरी सही सावळीरामदादांची होती. नवीत त्यांना मानाने संचालक ठेवलं होतं, आणि सहीचा अधिकारही मानानेच दिला होता. तीन वर्षांत तो कोणी वापरला नव्हता. उज्वलाने चेकबुक पर्समध्ये टाकलं आणि गाडी काढली. दिशाला डावलून हे केल्याबद्दल नोकरी जाईल, हे तिला ओझरच्या आतच कळून चुकलं होतं. जाऊ दे, असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. द्वारकेच्या चौकात ट्रक, रिक्षा आणि बस एकमेकांत अडकून पडले होते. तिथे वीस मिनिटं गेली. केरूचा फोन आला. "मॅडम, सहा नंबर तीन अंशावर गेली." ती स्टिअरिंगवर हात आपटून रडली, मग सिग्नल सुटला म्हणून डोळे पुसून पुढे निघाली.

दादा इंदिरानगरच्या बंगल्यात ओसरीवर बसले होते. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरत असे. उज्वलाने सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, फक्त शेवटी विचारलं, "जीवनने पगार दिले का सगळ्यांचे?"

"दिले."

"मग चोर नाय तो." आणि ते उठायला लागले. "चल. कुठं सही करायची ते दाखव."

ते उठले म्हणून आतून त्यांच्या पत्नी कुसाबाईही आल्या. पायऱ्या उतरताना दादांना त्यांचा खांदा लागत असे. पंच्याहत्तरीच्या त्या, पण कणा ताठ. डोक्यावर पदर घेऊन गाडीत मागे बसल्या.

बँकेत पोचायला पावणेतीन झाले. मॅनेजर मोहिनी मॅडम दोघांना वीस वर्षं ओळखत होत्या, खुर्च्या आल्या, पाणी आलं. दादांनी चेकवर सही केली. मोहिनी मॅडमनी ती कॉम्प्युटरवरच्या सहीशी लावून बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "दादा, पुन्हा एकदा करता?" दादांनी दुसऱ्या चेकवर केली, तिसऱ्यावर केली. घाम आला त्यांना. ज्या सहीने चाळीस वर्षं कारखाने चालले, ती सही कागदावर नुसती वळवळत होती. डाव्या हाताने उजवा मनगटात धरून त्यांनी चौथी केली, ती पहिलीपेक्षा वाईट.

"कंपनीच्या खात्यावर मला हे पास करता येणार नाही, उज्वलाताई," मोहिनी मॅडम हळूच म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर केलं असतं."

दादांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्यांना तोही हात नीट उचलता येईना. उज्वलाला वाटलं, संपलं. फोन वाजला, केरूच होता. तिने उचलला नाही.

"माझी ठेव हाय ना इथं?" कुसाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. होती. कंपनीची वाटणी झाली तेव्हा दादांनी आलेल्या पैशातून चाळीस लाख कुसाबाईंच्या एकटीच्या नावावर टाकले होते. उद्या मी नसलो तर हिला पोराच्या तोंडाकडे बघायला लागू नये, म्हणून.

"काकू, नाही," उज्वला पटकन म्हणाली. "ते तुमच्या म्हातारपणाचे आहेत."

"मंग आता काय मी तरणी हाय?" कुसाबाई दादांकडे वळल्या. "सामाईक विहिरीची गोष्ट ह्ये समद्यांला सांगत्यात. वकिलाला सांगितली, तुला सांगितली. फुडली नाय सांगत. दोघं भाऊ भांडले का विहिरीवरच्या इंजिनात डिजल कोणी घालायचं यावरनं चार-चार दिस इंजिन बंद. यांचा ऊस तग धरायचा, भावाचा बी तग धरायचा. माझं वांग्याचं वाफं जळून जायचं. मंग मी नदीवरनं हंड्यानं पाणी आणायचे. भावाभावाचं तोंड दिसत राहिलं म्हणं. माझ्या डोक्यावरचा हंडा कोणाला दिसला नाय."

दादा खाली बघत होते. मोहिनी मॅडमनी उगाच एक कागद इकडचा तिकडे केला.

"तुमची सही लागेल काकू," त्या म्हणाल्या. "म्हणजे अंगठा. दोन साक्षीदार चालतील."

"अंगठाच देती मी. पहिल्यापासनं."

शाईचं पॅड आलं. कुसाबाईंनी अंगठा टेकवला आणि उचलला. मोहिनी मॅडमनी भिंगातून बघितलं. जुन्या ठशाशी तो रेषेला रेष जुळला. तीन पस्तीसला ठेव मोडली, आणि एकतीस लाख चाळीस हजार वीज कंपनीच्या खात्यात गेले. व्याजातलं काय बुडालं ते उज्वलाने विचारलं नाही, तिला ऐकवलंच नसतं.

पावती हातात पडल्यावर तिने पर्समधून वही काढली. "काकू, मी लिहून देते. माझ्या नावावर. हे पैसे मी..."

कुसाबाई पदराला अंगठा पुसत होत्या. "नको बाई. तुझ्या लिहिण्यानंच तर ह्ये झालं."

त्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. वही पुन्हा पर्समध्ये गेली. गाडीत बसवताना कुसाबाईंनी एवढंच बजावलं, "जीवनला सांगू नको. त्याला जेवाण जायचं नाय."

वीज सहा वाजून दहा मिनिटांनी आली. आधी पुढच्या कारखान्यातला मोठा रोलर घरघरला, मग मागे शीतगृहाचे कॉम्प्रेसर एकामागून एक चालू झाले. केरू वही घेऊन आला. पाच खोल्या साडेचार अंशांच्या आत राहिल्या होत्या. सहा नंबर साडेसहा अंशांपर्यंत चढून आली होती.

"सहाचा माल गेला, मॅडम. गावच्या बाजारात जाईल, पण निम्म्या भावात."

"झुंबरला मी सांगते," उज्वला म्हणाली. कसं सांगणार होती ते तिला माहीत नव्हतं.

दिशाची मेल येऊन पडली होती. जनरेटरवर निभावलंत हे चांगलं झालं, पेट्यांचं देणं पुढील सूचनेपर्यंत थांबलेलंच राहील. उज्वला ती वाचत होती तेवढ्यात जीवन आवार ओलांडून आला. सकाळचा तो चेहराच नव्हता. पोऱ्याला न पाठवता स्वतःच चहाचे दोन कप घेऊन आला होता.

"सुटले म्हणायचे पेट्यांचे पैसे, ताई! मला माहीत होतं, तुम्ही काढाल काहीतरी." त्याने कप ठेवला. "आता एकच करा. पुढच्या सात तारखेचे जरा लवकर सोडता का? म्हणजे एक तारखेपर्यंत. पगार त्यातूनच..."

उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर जे दाबून धरलं होतं ते एकदम वर आलं.

"पेट्यांचे पैसे सुटलेले नाहीत. सुटणारही नाहीत. तुमच्या आईची ठेव मोडली आज. अंगठा दिला त्यांनी. तुमचं बिल त्यांनी भरलंय."

तोंडातून निघाल्याबरोबर तिला पस्तावा झाला.  जीवनने हळूच खुर्ची ओढली आणि तो बसला.

"किती?"

"पूर्ण."

"ती काही म्हणाली?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

जीवनने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. चहावर साय धरली. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं जमत होती, वीज आली म्हणून त्यांचे आवाज मोकळे झाले होते.

"तो वेगळ्या मीटरचा अर्ज," जीवन म्हणाला, "प्रत असेल ना तुमच्याकडे?"

चौदा महिने उज्वलाने या एका वाक्याची वाट बघितली होती. आता तिला ड्रॉवर उघडवेना. "जीवनशेठ, आज राहू द्या. सोमवारी बोलू. मी दिशा मॅडमशी पुन्हा..."

"सोमवारी मी देणार नाही, ताई. मी मला ओळखतो. सोमवारी माझ्यासमोर एकशे बत्तीस तोंडं असतील." त्याने हात पुढे केला. "तिच्याकडे आता नऊ लाखसुद्धा उरले नसतील. ते तरी पुढच्या बिलात जायला नकोत."

तिने अर्ज काढला. त्याने ना हरकतीच्या रकान्यात सही केली, तारीख घातली, शिक्का खिशातच होता तो मारला. त्या सहीने एका मीटरची दोन झाली, आणि सात तारखेच्या पैशांवर उभी असलेली जुनी कंपनी संपली. दोघांनाही ते ठाऊक होतं.

तो उठला आणि बाहेर पडला. फाटकाशी पाळीची माणसं घोळक्याने उभी होती, कोणी हसत होतं, कोणी त्याला नमस्कार करायला हात उचलला होता. आवाराला फाटक एकच होतं, त्यामुळे त्याला त्यांच्यातूनच जावं लागलं.